आईची अर्धी गोळी

तीन वर्षांपूर्वी मी आईची एक गोळी स्वतःच्या अकलेने बंद केली होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर आजवर कधी नीट लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

आईला हृदयाचा आजार. कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचाच आजार. तिच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता, झडपा ठीक होत्या, पण स्नायू सैल पडून हृदय फुगलेलं होतं. डॉक्टरांनी चार-पाच औषधं दिली, त्यात मेटोप्रोलॉल नावाची २५ मिलिग्रॅमची गोळी होती, अर्धी सकाळी. ती सुरू झाल्यापासून आई म्हणायची, "अंगात त्राणच नाही रे." नाडी मोजली तर ५४. मला ते बरं वाटेना.

आमच्या घरी एक जुनं जाडजूड पुस्तक आहे. परभणीला वडिलांचं औषधांचं दुकान होतं, तिथलं. १९८० च्या दशकातलं, पिवळी पडलेली पानं, मार्जिनमध्ये अण्णांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यात या गोळीचं पान काढलं. 'कोणाला देऊ नये' या मथळ्याखाली दम्याच्या शेजारी स्पष्ट लिहिलं होतं: हार्ट फेल्युअर. खाली अण्णांची पेन्सिलीची दुहेरी रेघ!

झालं. मला वाटलं, डॉक्टरांच्या हातून चूक झाली. फोन करून विचारायचं सोडून मी गोळी थांबवली. पाचव्या दिवशी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. आईशी गप्पा मारत त्यांनी नाडी धरली, गळ्याची शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, "आजी, सकाळची अर्धी गोळी घेतली का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. नाडी तेव्हा ११२ होती आणि छातीत पाणी साठायला सुरुवात झाली होती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वेदनेनंही असं होतं, सगळा दोष गोळीचाच असेल असं मी म्हणणार नाही. पण आज मी यांना भूल देणार नाही. आधी पाणी उतरवू." आणि जाता जाता, "तुम्ही वाचलंत ते पुस्तक खोटं नव्हतं. फक्त जुनं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. जे औषध एका आजारात देऊ नये असं छापलं होतं, तेच त्या आजाराचं मुख्य औषध कसं झालं? त्यानंतर मी जे काही वाचत गेलो, त्याची ही गोष्ट.

आधी शब्दाचा घोटाळा. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. माझा मामा चाळिशीत असाच 'हार्ट फेल होऊन' गेला, एवढंच आम्हाला लहानपणापासून ठाऊक. डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तेव्हा हृदय बंद पडलेलं नसतं, ते शरीराला पुरेल एवढं रक्त पुढे ढकलू शकत नसतं. म्हणून मागे पाणी तुंबतं: आधी पायांत, पोटात, फुप्फुसांत. तसाच तो टक्केवारीचा घोटाळा. आईचा इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के म्हटल्यावर मावशी रडायलाच लागली, पाऊणभाग हृदय मेलं म्हणून. खरं तर निरोगी हृदयही दर ठोक्याला आपल्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. १०० मिली भरलं तर साधारण ६० मिली टाकतं. आईचं २५ टाकत होतं.

कार्डिओमायोपॅथी हा शब्दही तसा अलीकडचा. लंडनच्या वॉलेस ब्रिगडेननी १९५७ मध्ये तो वैद्यकात रूढ केला, हृदयाच्या रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या स्नायूच्या आजारांसाठी. आजार मात्र जुनाच. पूर्वी त्याचं फक्त पाणीच दिसायचं. इंग्लंडमध्ये त्याला ड्रॉप्सी म्हणत, आपल्याकडे जलोदर आणि सूज.

या पाण्यावरचं पहिलं नोंद ठेवून तपासलेलं औषध मिळालं ते एका म्हातारीच्या झोळीतून. श्रॉपशायर परगण्यातली एक बाई वीसेक झाडपाल्यांचा काढा देऊन असे रोगी बरे करायची. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी ओळखलं की त्यातलं खरं काम करणारं झाड फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. त्यांनी दहा वर्षं दीडशेहून जास्त रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, फसलेल्यांच्यासुद्धा, आणि १७८५ मध्ये पुस्तक काढलं. औषध आणि विष यांत फार थोडं अंतर आहे, तेव्हा जपून, हळूहळू द्या, हे त्यांनी बजावून सांगितलं. ते किती जणांनी ऐकलं, हा प्रश्नच.

त्यानंतरची साधारण पावणेदोनशे वर्षं पाणी काढण्यातच गेली. एकोणिसाव्या शतकात सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी गाळून काढत. १९१९-२० च्या सुमारास व्हिएन्नात उपदंशासाठी पाऱ्याचं इंजेक्शन दिलेल्या रोग्यांना भरमसाट लघवी होते असं लक्षात आलं, आणि पुढची तीसेक वर्षं हृदयरोग्यांना पारा टोचला गेला! १९५० च्या दशकाच्या शेवटी लघवीच्या गोळ्या आल्या, मग १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड. आईची छाती दोन रात्रींत मोकळी झाली ती याच औषधाने.

पण पाणी काढलं तरी हृदय थकलेलं ते थकलेलंच. मग साधा विचार असा की थकलेल्याला जोर द्यावा. संकटात शरीर स्वतः हेच करतं. हृदय कमी पडलं की अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडून त्याला पळायला लावतं. १९६३ मध्ये अमेरिकेत गॅफ्नी आणि ब्राउनवाल्ड यांनी दाखवलं की या रोग्यांत ही मज्जासंस्थेची चाबकाची दोरी औषधाने कापली तर प्रकृती बिघडते. निष्कर्ष सरळ होता: ती दोरी कापू नका. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रॅनोलॉलची माहिती छापून आली. हा पहिला वापरण्याजोगा बीटा ब्लॉकर. त्यासाठी आणि इतर कामासाठी १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हृदयशूळाला उत्तम, पण अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवणारं. मग हार्ट फेल्युअरमध्ये मनाईच. अण्णांच्या पुस्तकात जे होतं ते इथून आलेलं. अनुभवाला धरून, तर्काला धरून. कोणी मूर्खपणा केला नव्हता.

आमच्याकडे शेतावर लहानपणी पाहिलंय, चढावर गाडी अडली की बैलाला पराणी टोचायची. बैल जीव खाऊन ओढतो आणि गाडी चढते. पण रोज, दिवसभर टोचत राहिलं तर?

हा प्रश्न गोटेनबर्गच्या डॉक्टरांना पुस्तकात नाही, रोग्याच्या खाटेपाशी पडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. स्वीडनमधल्या साल्ग्रेन्स्का रुग्णालयात हृदयविकाराचा झटका आलेली एक बाई होती. फुप्फुसात पाणी, नाडी धावतेय, नेहमीची औषधं चालेनात. फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी विचार केला की हृदयाला एवढं पळायला लावणं हेच मुळात दुखणं असेल तर? त्यांनी शिरेतून बीटा ब्लॉकर दिला. नाडी उतरली आणि पाणीही उतरलं. मग त्यांनी फुगलेल्या हृदयाचे, ज्यांच्यावर दुसरा इलाज उरला नव्हता असे रोगी घेतले, काही महिने औषध दिलं आणि १९७५ मध्ये लेख छापला. रोगी किती? सात.

सात रोग्यांवर कोण विश्वास ठेवणार? १९७९ मध्ये त्याच गटाच्या स्वेडबर्ग यांनी लिहिलं की या औषधाने रोगी जास्त जगतातही. तरी बाकीचं जग पराणीच शोधत होतं. हृदयाला जोर देणारी गोळी, मिलरिनोन, घेणाऱ्यांचं हृदय तोंडावर चांगलं चालायचं. पण १९९१ मध्ये १,०८८ रोग्यांच्या चाचणीत दिसलं की ती घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले होते. बैल चढ चढला आणि वर जाऊन पडला.

मधल्या काळात पुरावा दुसऱ्या बाजूने जमत होता. १९८२ मध्ये ब्रिस्टो यांनी दाखवलं की थकलेल्या हृदयावरची अ‍ॅड्रिनलिनची ग्रहणकेंद्रं कमी झालेली असतात. जणू हृदय स्वतःच कान झाकून घेत होतं! १९८४ मध्ये कोन यांनी दाखवलं की रक्तात नॉरअ‍ॅड्रिनलिन जितकं जास्त, तितकं आयुष्य कमी. आणि १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. दोन्ही ठरल्या वेळेआधीच थांबवाव्या लागल्या होत्या, कारण फायदा उघड दिसत होता. एक बिसोप्रोलॉलची, २,६४७ रोग्यांची. दुसरी मेटोप्रोलॉलची, ३,९९१ रोग्यांची. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. सात रोग्यांपासून इथवर यायला २४ वर्षं लागली.

मग १९६३ चं निरीक्षण चुकीचं होतं का? नाही, आणि हीच मला सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. दोरी एकदम कापली तर प्रकृती बिघडतेच. म्हणून गोळी अगदी थोड्यापासून सुरू करतात, छातीत पाणी नसताना, आणि दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी वाढवतात. पहिले काही आठवडे रोग्याला गळल्यासारखं वाटू शकतं. हृदयाची ताकद वाढलेली दिसायला तीनेक महिने जातात. आईचं 'अंगात त्राण नाही' हे त्या पहिल्या आठवड्यांचं होतं. मी पुस्तक उघडलं ते नेमकं तेव्हा. अर्धी गोळी का, याचं उत्तर त्या अर्धेपणातच होतं.

आता भुलेकडे येतो, कारण त्या डॉक्टर नसत्या तर ही गोष्टच झाली नसती.

भूल आणि हृदय यांचं भांडण जुनं. क्लोरोफॉर्म आल्यावर अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना दगावली. असे मृत्यू श्वास थांबून होतात की हृदय थांबून, यावर पन्नास वर्षं वाद चालला. त्यातला मोठा अंक घडला हैदराबादला. आमच्या मराठवाड्यावर तेव्हा निजामाचंच राज्य. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की भूल देणाऱ्याने फक्त श्वास पाहावा, नाडीकडे बघूच नये. ते तपासायला १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. दुसऱ्या खेपेला निजामाने १,००० पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. निकाल: श्वास आधी थांबतो, हृदय नंतर.

निकाल चुकला होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली अ‍ॅड्रिनलिन वाढलं तर हृदय एका क्षणात थरथरून थांबतं, श्वास चालू असतानाच. इथेही तेच अ‍ॅड्रिनलिन! हे वाचलं तेव्हा मला आईची ११२ ची नाडी आठवली.

पुढे १९७७ मध्ये बोस्टनच्या गोल्डमन यांनी १,००१ रोग्यांचा अभ्यास करून ऑपरेशनच्या धोक्याची गुणतालिका बनवली. त्यात सर्वांत जास्त गुण, ११, कशाला होते? ताज्या हृदयविकाराच्या झटक्याला नाही, त्याला १०. अकरा होते हार्ट फेल्युअरच्या खुणांना: हृदयाचा तिसरा आवाज किंवा गळ्याची फुगलेली शीर. म्हणजे आईशी गप्पा मारता मारता त्या डॉक्टर जे पाहत होत्या, ते हेच होतं.

मी विचारलं, "मग ऑपरेशनच्या दिवशी एकदम पूर्ण गोळी देऊन नाडी उतरवता येणार नाही का?" त्यांनी २००८ मधल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. ८,३५१ रोगी. आधी बीटा ब्लॉकर न घेणाऱ्यांना ऑपरेशनच्या दिवशीच मोठा डोस सुरू केला, तर हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. "जे घेतात त्यांचं थांबवायचं नाही, जे घेत नाहीत त्यांना त्या दिवशी एकदम सुरू करायचं नाही," त्या म्हणाल्या. घाई दोन्हीकडून वाईट.

खुब्याचं हाड फार थांबू देत नाही, पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची फुप्फुसं बिघडतात. म्हणून दोन दिवसांत पाणी उतरवून, नाडी ८० च्या घरात आल्यावर, त्यांनी आईला घेतलं. जांघेतली नस आधी बधिर केली, म्हणजे हलवताना कळ नको. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली, दर ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर दिसावा म्हणून. कण्यातल्या इंजेक्शनने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब एकदम कोसळू शकतो, तेव्हा ते अगदी थोड्या मात्रेत दिलं आणि दाब सावरणारं औषध आधीच जोडून ठेवलं. सलाइन मोजून मापून, कारण जास्त झालं तर तेच पाणी पुन्हा छातीत. पूर्ण बेशुद्ध करायची वेळ आली तर काय, हेही त्यांनी सांगितलं होतं. अशा हृदयाचं रक्त सावकाश फिरतं, औषध हातातून मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. ज्याला धीर नाही तो "अजून झोपत कसे नाहीत" म्हणून आणखी देतो, आणि मग सगळं एकदम पोचतं.

बाहेर बाकड्यावर बसून मी दीड तास हेच घोकत होतो: थांबावं, पाहावं, मग थोडं द्यावं. विदरिंगपासून सगळे हेच तर सांगत होते.

आई बाहेर आली. चार दिवसांनी वॉकर धरून उभी राहिली. गोळी पुन्हा अर्ध्यापासून सुरू झाली, तीही हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर.

एक गोष्ट राहिली. सगळ्या कार्डिओमायोपॅथी आईसारख्या सैल नसतात. १९५८ मध्ये डोनल्ड टीअर यांनी आठ तरुणांच्या हृदयांची वर्णनं छापली. भिंती बेढब जाड झालेल्या, बहुतेक जण अचानक गेलेले. त्या प्रकारात हृदय जोरात पिळतं, पण आत जागाच उरत नाही. तिथे भूल देण्याचं गणित उलटं: पाणी कमी पडू द्यायचं नाही, दाब उतरू द्यायचा नाही, आणि जोर देणारं औषध तर मुळीच नको. म्हणून ऑपरेशनच्या आधी 'हृदयाचा काहीतरी त्रास आहे' एवढं सांगून भागत नाही. कोणता, ते सांगावं लागतं, इको दाखवावा लागतो.

आणि हे आजार घराण्यात चालतात. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले थंगराज आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरांची गळती शोधली. ती भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत सापडते आणि उतारवयात हार्ट फेल्युअरचा धोका वाढवते. म्हणजे शंभर जणांच्या लग्नाच्या पंगतीत चौघे. डॉक्टरांनी मला विचारलं, "मामा कशाने गेले?" मी म्हणालो, "हार्ट फेल." आणि दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात मी आणि ताईने इको काढला. माझा ठीक आहे. ताईचं हृदय किंचित मोठं आहे, तिला कसलाच त्रास नव्हता. तिलाही आता अर्धी गोळी आहे.

औषधं पुढेही बदलतच राहिली. ब्राझीलमधल्या सापाच्या विषावरून सुचलेल्या गोळ्यांच्या कुळातल्या एनालाप्रिलने १९८७ मध्ये जीव वाचवता येतो हे दाखवलं, मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनने २०१९ मध्ये मधुमेह नसलेल्यांनाही. ऑपरेशनच्या आधी त्यांचे नियम मात्र निरनिराळे. मधुमेहाची ही गोळी ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात, एनालाप्रिलच्या कुळातली बऱ्याचदा आदल्या दिवसापासून, बीटा ब्लॉकर चालू ठेवतात. यातलं काहीही घरी बसून ठरवू नका, एवढंच माझ्या अनुभवावरून सांगतो.

आईचं इजेक्शन फ्रॅक्शन आता ३८ आहे. ती सकाळी देवपूजेनंतर गोळीची पट्टी घेऊन बसते. अर्धीची आता पूर्ण झाली आहे.

अण्णांचं पुस्तक मी टाकलं नाही. त्यांची दुहेरी रेघ तशीच आहे. फक्त तिच्या शेजारी मीही पेन्सिलीने लिहून ठेवलंय: '१९९९ नंतर बदललं. डॉक्टरांना विचारणे.'